बुटीबोरी आणि राज्यशास्त्राचा अभ्यास

"मी राज्यशास्त्र घेतलं आहे," असे मुलाने घरी सांगितले की वडीलमंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहतात. विज्ञानाला गुण मिळाले नाहीत, वाणिज्याचा अर्ज वेळेवर गेला नाही, म्हणून हा विषय घेतला असावा, असा त्या पाहण्याचा अर्थ असतो. कला शाखेतला सोपा विषय म्हणून राज्यशास्त्राची ख्याती आहे, आणि ती ख्याती पसरवण्यात आम्हां शिकवणाऱ्यांचाही हात आहे हे मी प्रथमच कबूल करतो. ॲरिस्टॉटलची राज्यांची वर्गवारी, माँतेस्क्यूचे सत्ताविभाजन, ब्रिटिश पार्लमेंटचे अधिकार, एवढे घोकले की वर्ष निघून जाते.

आज मी ॲरिस्टॉटलपासून सुरुवात करणार नाही. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर, जिथे हैदराबादच्या हमरस्त्यापासून वर्ध्याकडचा रस्ता फुटतो, तिथे बुटीबोरी आहे. बोरी हे मूळ गाव. नागपूरच्या बुटी या सावकार-मालगुजार घराण्याचे नाव त्याच्यामागे लागले आणि बुटीबोरी झाले, असे लोक सांगतात. राज्यशास्त्राची आमच्या प्रांतातली गोष्ट मी या गावापासून सांगणार आहे. त्याला कारण आहे.

सन १८६३ च्या सप्टेंबर महिन्याची ४ तारीख. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप हे मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटला आले होते. टाकळघाट म्हणजे बोरीच्या अगदी शेजारचे गाव. तिथली प्राचीन शिलावर्तुळे उकरून पाहण्याचे काम चालले होते. हिस्लॉप भूगर्भशास्त्राचे जाणते होते आणि असल्या जुन्या दगडांचा त्यांना फार नाद. दिवसभराचे काम संपवून ते बोरीची शाळा तपासायला गेले, आणि तिकडून एकटेच घोड्यावर परत निघाले, असे सांगतात. पावसाळ्याचे दिवस, नाला भरलेला, आणि अंधार पडलेला. छावणीत घोडा तेवढा रिकामा आला. हिस्लॉप बुडाले होते.

हिस्लॉप नागपूरला आले १८४५ साली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. त्या वेळी इथे भोसल्यांचे राज्य होते. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि वारस नाही या सबबीवर कंपनीने राज्य खालसा केले. त्यानंतरची सात-आठ वर्षे या मुलखाचा कारभार कसा ढिसाळ चालला होता, याविषयी हिस्लॉप यांनी वृत्तपत्रांत लिहिले. १८६१ साली मध्यप्रांत हा निराळा प्रांत निर्माण झाला, त्यामागे त्यांच्या लिखाणाचाही वाटा होता असे मानले जाते. म्हणजे बोरीची शाळा तपासणारा हा माणूस नुसता शाळामास्तर नव्हता. राज्य कसे चालते आणि कसे चालू नये, हे तो डोळे उघडे ठेवून पाहत होता. तो परका होता आणि धर्मप्रसारासाठी आला होता, हेही खरे. पण वीस वर्षांनी, १८८३ साली, नागपुरात पहिले कॉलेज निघाले त्याला त्याचेच नाव मिळाले. हिस्लॉप कॉलेज. मग १८८५ साली मॉरिस कॉलेज झाले. आमच्या भागातल्या मुलांनी राज्याविषयीची पुस्तके उघडली ती या दोन कॉलेजांत.

त्या पुस्तकांत बोरी नव्हती. परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाच्या आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या. राज्यविचार शिकवायचा तो बव्हंशी इतिहासाच्या पोटात, आणि सगळा इंग्रजीत. शिकणारे कोण, तर वकिलांची, सरकारी नोकरांची, मालगुजारांची मुले. बोरीसारख्या गावातला कुणब्याचा मुलगा आगगाडीतून नागपूरला जाऊ शकत होता खरा. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली होती. पण तो जाई बाजाराला नाहीतर कोर्टाच्या तारखेला.

याच सुमाराला एक निराळी शाळा सुरू होत होती, तिच्याकडे आमच्या पाठ्यपुस्तकांचे फारसे लक्ष जात नाही. १८ मे १८८२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव काढला. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा, की स्थानिक संस्था मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून द्यायच्या नाहीत, तर लोकांना राजकीय शिक्षण मिळावे म्हणून द्यायच्या. कारभार प्रथम बिघडेलही, पण लोक चुकतमाकत शिकतील. सरकारने म्युनिसिपालिटीला शाळा म्हटले, असा याचा सरळ अर्थ. नागपूरची म्युनिसिपालिटी १८६४ पासूनच होती. रिपनच्या ठरावानंतर मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ साली झाला, त्याच वर्षी हिस्लॉप कॉलेजही निघाले. एकाच वर्षी दोन शाळा उघडल्या म्हणा ना. एकीत राज्याचे शास्त्र आणि दुसरीत राज्याचा व्यवहार. दुर्दैव असे, की या दोन शाळांचा एकमेकींशी बोलण्याचा प्रसंग फार उशिरा आला.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. आता परीक्षा घरच्या झाल्या, पण भाषा परकीच राहिली. नागपूर ही प्रांताची राजधानी होती, तेव्हा राज्यशास्त्राचे जिवंत धडे दाराशीच घडत होते. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली आणि डॉ. ना. भा. खरे मुख्य मंत्री झाले. त्या काळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. पुढच्याच वर्षी त्यांच्या मंत्रिमंडळाचा जो पेच झाला, तो नागपुरातल्या ओट्याओट्यावर चर्चिला गेला. गव्हर्नरचे अधिकार कोणते, पक्षश्रेष्ठींचे कोणते, मंत्र्याने राजीनामा कोणाला द्यायचा, हे प्रश्न लोक मराठीत भांडत होते आणि विद्यार्थी त्यांचीच उत्तरे इंग्रजीत पाठ करीत होते.

ही विसंगती विद्यापीठालाही जाणवली असली पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमाराला नागपूर विद्यापीठाने मराठी आणि हिंदी या भाषा शिक्षणाचे माध्यम म्हणून स्वीकारल्या. देशात हे पाऊल लवकर उचलणाऱ्या विद्यापीठांपैकी हे एक. पण माध्यम बदलायचे म्हणजे शब्द हवेत! त्याच वर्षांत डॉ. रघुवीर नागपुरात बसून प्रांतिक सरकारसाठी संस्कृत धातूंपासून शब्द घडवीत होते. त्यांतले काही शब्द लोकांनी हसण्यावारी नेले, काही बिनबोभाट रुळले. खरी अडचण निराळीच होती. 'राज्य' हा एकच शब्द घ्या. शिवाजी महाराजांचे ते राज्य, महाराष्ट्र हेही राज्य, आणि शास्त्रात ज्याला सार्वभौमत्व असते तेही राज्य. सरकार, शासन, प्रशासन यांतला फरक वर्गात सांगायला निम्मा तास जातो. आणि या सगळ्याच्या खाली बोरीच्या माणसाचे स्वतःचे शब्द होतेच: मालगुजार, मुकद्दम, पटवारी, कोतवाल, निस्तार. हे शब्द कोणाला घडवावे लागले नव्हते. पण कोणत्याही प्रश्नपत्रिकेत ते मी पाहिलेले नाहीत.

दोन शाळांची गाठ पडली ती १९४९-५० साली. नागपूर विद्यापीठाने लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडला. प्रा. एम. पी. शर्मा त्याचे प्रमुख होते. अशा तऱ्हेचा स्वतंत्र विभाग काढणारे नागपूर हे भारतातले पहिले विद्यापीठ, असे या विषयाच्या इतिहासात नोंदवलेले आहे. विभागाचे नाव नीट वाचा: स्थानिक स्वराज्य. घरपट्टी कशी आकारतात, अंदाजपत्रक कसे मांडतात, मुख्याधिकाऱ्याने अध्यक्षाचे कुठवर ऐकायचे, हे विद्यापीठात शिकण्याजोगे आहे असे कोणीतरी मान्य केले होते. मुंबईत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून नगरपालिकांच्या नोकरांना शिकवीत होतीच. तिच्या 'एल. एस. जी. डी.' या पदविकेचे नाव आजही नगरपालिकेच्या कचेरीत कोणत्याही कारकुनाला विचारा. बढतीचा मार्ग त्या चार अक्षरांवरून जातो.

आता पुस्तके थोडी बाजूला ठेवू आणि बोरीत परत येऊ. मनाशी एक माणूस कल्पा. १९२५ साली बोरीत जन्मलेला, चार इयत्ता शिकलेला, दहा-पंधरा एकरांचा शेतकरी. गाव न सोडता या माणसाने किती राज्यपद्धती पाहिल्या असतील?

लहानपणी त्याचे गाव मालगुजाराचे. गावची पडीत जमीन, तलाव, झाडझाडोरा मालगुजाराच्या मालकीचा. सरपण तोडायचे, गुरे चारायची, त्याचे हक्क ते 'निस्तार'. मध्यप्रांताचा ग्रामपंचायतीचा पहिला कायदा १९२० सालचा, पण गावाची खरी कळ मालगुजाराच्या वाड्यात. तो विशीत आला तोवर १९४६ चा नवा पंचायत कायदा आला. १९४८ साली पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांची जनपद योजना आली. जिल्ह्याचे बोर्ड मोडून प्रत्येक तहसिलीला एक जनपद सभा, आणि सरकारी अंमलदार तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी. सरकारी सत्ता आणि लोकांची सभा यांना एका जोखडाला जुंपण्याचा हा प्रयोग मोठा धाडसी होता. पुढे देशभर पंचायत राज्याचा गाजावाजा झाला, तेव्हा त्याची ही तालीम आमच्या प्रांतात झाली होती हे फार थोड्यांना आठवले. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले. भंडारा-गोंदियाकडे त्यांना अजून 'मामा तलाव' म्हणतात, माजी मालगुजारी म्हणून 'मामा'! १९५२ साली त्याने पहिल्यांदा सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे राज्यच बदलले. नागपूरची राजधानी गेली, विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. म्हाताऱ्याचे शेत होते तिथेच होते, राजधानी मात्र तीस किलोमीटरवरून आठशे किलोमीटरवर गेली. १९५३ चा नागपूर करार होता म्हणून पुढे नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन भरू लागले, हिवाळ्याच्या थंडीत, संत्र्यांच्या हंगामात. १९५९ साली मुंबई राज्याचा नवा ग्रामपंचायत कायदा लागू झाला. १ मे १९६२ रोजी जनपद सभा गेल्या आणि जिल्हा परिषद व पंचायत समिती आल्या. १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्याच्या ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली, बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि २०११ साली महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या.

एका माणसाच्या हयातीत, एकाच गावात, इतके सारे! ॲरिस्टॉटलने दीडशेहून अधिक राज्यघटना गोळा करवल्या होत्या म्हणतात. आमच्या बोरीच्या म्हाताऱ्याच्या दारावरून त्या आपोआप चालत गेल्या. त्याला मात्र यातली कोणतीही गोष्ट कोणी शास्त्र म्हणून सांगितली नाही. दर वेळी पटवाऱ्याने नाहीतर कोतवालाने येऊन "आता नवा कायदा आला" एवढेच सांगितले असेल.

यातला १९६२ चा जो बदल, त्याच्यामागे एक विद्यार्थी आहे. पुसदचे वसंतराव नाईक नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, वकील झाले, १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष झाले. पुढे महसूलमंत्री असताना त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९६० साली समिती नेमली गेली, आणि १९६१ मध्ये तिने दिलेल्या अहवालावर महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. पुस्तक कॉलेजात आणि व्यवहार नगरपालिकेत, अशा दोन्ही शाळा त्यांना घडल्या होत्या, आणि माझ्या मते तो अहवाल ठाम आणि व्यवहारी उतरला तो त्यामुळेच. मॉरिस कॉलेजाला आज त्यांचेच नाव आहे. आणि नागपूर विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. महाराजांचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पण त्यांची 'ग्रामगीता' ४१ अध्यायांची, आणि गाव कसे चालवावे हाच तिचा विषय. राज्यशास्त्राच्या वर्गात तिला अभ्यासाचा ग्रंथ म्हणून उघडायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

असो. म्हातारा गेला आणि बोरी बदलली. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले होते. गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी त्याने बुटीबोरीला भल्या मोठ्या क्षेत्रावर वसाहत उभारली. 'पंचतारांकित औद्योगिक वसाहत' असे तिला म्हणतात. जिथे तुरी आणि कापूस होता तिथे सूत, पोलाद, रसायने. बिहार-उत्तर प्रदेशाकडची माणसे भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. आणि राज्यशास्त्राचा एक प्रश्न असा उभा राहिला, की त्याचे उत्तर कोणत्याही 'गाइडा'त नाही.

प्रश्न असा. वसाहतीच्या हद्दीत बांधकामाची परवानगी देणार महामंडळ. तिथले नियोजनाचे अधिकार त्याचे. महामंडळावर बोरीचा माणूस कोणालाही निवडून देत नाही. हद्दीबाहेर मात्र निवडून दिलेली पंचायत. कारखान्यात काम करणारा माणूस राहतो पंचायतीच्या गल्लीत, त्याच्या गटाराचा खर्च पंचायतीवर. त्याचे मत बहुधा त्याच्या दूरच्या गावी. मग बुटीबोरीचे 'लोक' कोण? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीत तर अशीही तरतूद आहे, की ज्या औद्योगिक नगरीत कारखानाच नागरी सोयी पुरवतो, तिथे राज्यपाल ठरवतील तर नगरपालिका स्थापन न केली तरी चालते. म्हणजे रिपनची शाळाच तिथे उघडायची नाही! बुटीबोरीत तसे झाले नाही. २०१८ साली इथे नगरपरिषद झाली. ग्रामपंचायत गेली आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही गेली, कारण नगरपरिषदेत सगळ्या गावाने एकत्र बसायची अशी सभा नसते. हा फायदा झाला की तोटा? मला विचाराल तर रस्त्यांना आणि पाण्याला फायदा, बोलण्याला तोटा.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वर्गाला माझ्यासमोर कारखान्यातून पाळी संपवून येणारी दोन-तीन मुले बसत. मी मोठ्या उत्साहाने संघराज्य शिकवीत होतो. त्यांतला एक हात वर न करताच म्हणाला, "सर, पुस्तकात दिल्ली हाये, लंडन हाये, आमची बोरी कोठी हाये जी?" वर्ग हसला, मीही हसलो, आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहिला. ते चुकलेच. त्या मुलाला परत उत्तर द्यायची संधी मिळाली नाही. पाळी बदलली आणि तो यायचा बंद झाला.

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची संस्था आहे. इलिनॉय राज्यात जोलिएट गावी १९०१ साली तिची सुरुवात झाली असे धरतात. गावातल्याच मुलांना, नोकरदारांना, थोड्या फीमध्ये दोन वर्षांचे शिक्षण, दरवाजा सर्वांना उघडा. टेक्सासमध्ये तर पदवी घ्यायची असेल तर सरकारी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला राज्यकारभाराचे शिक्षण घ्यावेच लागते, मग त्याचा मुख्य विषय कोणताही असो. आणि त्यात नुसती देशाची नव्हे, टेक्सासची स्वतःची राज्यघटनाही वाचावी लागते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास याच नावाची योजना आणली, पण तिचा सगळा भर कौशल्यांवर. हाताला काम मिळावे हा हेतू चांगलाच आहे. बुटीबोरीला यंत्र चालवणारे हवेत. पण ज्या गावात मुलगा यंत्र चालवतो त्या गावचा कर कोण ठरवतो, हे शिकण्यासाठी त्याला कोणत्या दारी पाठवायचे?

तोवर ज्याला हा विषय शिकायचा आहे त्याने माझे एक ऐकावे. पुस्तक घ्या, ॲरिस्टॉटल वाचाच. पण एक दिवस सुट्टी काढून आपल्या पंचायतीत जा, आणि 'नमुना आठ' पाहायला मागा. घरांच्या कर आकारणीची ती नोंदवही. नगरपरिषद असेल तर कर विभागात आकारणीची यादी मागा. आपले घर शोधा. शेजारचे घर शोधा. जवळपास कारखाना असेल तर त्याचाही आकडा शोधा. मग अंदाजपत्रकात तो पैसा कुठे गेला ते पाहा. कचेरीतला बाबू प्रथम विचारेल, "तुम्हाला कशाला पाहिजे?" २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याप्रमाणे त्याचे कारण सांगावे लागत नाही; अर्जाला दहा रुपये फी आहे आणि उत्तर तीस दिवसांत यावे लागते. त्या तीस दिवसांत काय काय घडते, कोण भेटायला येतो, कोण साहेबांकडे बोट दाखवतो, कोणता कागद सापडत नाही, हे सगळे वहीत लिहून ठेवा.